उसनी खबर, रोख जाहिरात

20 जुलै 2023 ची संध्याकाळ. मणिपूरमधल्या दोन महिलांच्या विटंबनेचा व्हिडिओ आदल्याच दिवशी समोर आला होता. घटना 4 मेची, म्हणजे अडीच महिने जुनी. सगळा देश एकच विचारत होता, आरोपी कोण आणि ते पकडले गेले का? त्या संध्याकाळी एएनआय या वृत्तसंस्थेने मणिपूर पोलिसांचा हवाला देत अटकेचं एक ट्विट केलं. अटक झालेल्या माणसाचं नाव मुस्लिम होतं. प्रत्यक्षात ती अटक वेगळ्याच प्रकरणातली होती, त्या व्हिडिओशी तिचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी एएनआयने खेद व्यक्त केला. पोलिसांची ट्विट्स वाचण्यात चूक झाली, दोन प्रकरणांची गल्लत झाली, असं त्यांनी सांगितलं. तोवर ते नाव कुठल्या कुठे पोहोचलं होतं. काही राजकीय नेत्यांनीही ते पुढे ढकललं होतं.

ही चूक मुद्दाम झाली की घाईत, यावर तेव्हा भरपूर वाद झाले. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. वृत्तसंस्थेची अशी चुकीची खबर ज्या ज्या पानावर लागते, त्या पानावर जाहिराती असतात. खबर मागे घेतली जाते. जाहिरातीचे पैसे कोण मागे घेतं?

उत्तर सरळ आहे. कोणीच नाही. हा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे समजून घेतल्याशिवाय आपण बातम्यांवर कितीही चिडलो तरी उपयोग नाही. त्यात आता आपल्याही वस्त्यांमधून, मालेगावपासून भिवंडीपर्यंत, तरुण पोरं न्यूज पोर्टल काढू लागली आहेत. तीच गाडी, तोच रस्ता.

एक छोटीशी ओळ तुम्ही इंग्रजी, हिंदी आणि आता मराठी संकेतस्थळांवरही पाहिली असेल. बातमीच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात: ही बातमी सिंडिकेटेड फीडमधून आपोआप प्रसिद्ध झाली आहे, आमच्या संपादकांनी तिच्यात बदल केलेला नाही, अशा अर्थाची. सिंडिकेटेड म्हणजे एकाने तयार केलेला मजकूर अनेकांनी करार करून छापायचा. वृत्तसंस्था बातमी लिहिते, वर्गणीदार संकेतस्थळाकडे ती थेट वाहत येते आणि पुष्कळदा कुणाचा हात न लागता पान तयार होतं. वर्गणी ठरलेली असते. दिवसाला पन्नास बातम्या घ्या की पाचशे, खर्चात फारसा फरक पडत नाही. पण प्रत्येक बातमीचं वेगळं पान होतं आणि प्रत्येक पानावर जाहिरातीच्या चार-पाच जागा. बातमीदार पाठवायला नको, प्रवासखर्च नको, फोन करून खात्री करायला नको. धंद्याच्या भाषेत याच्याइतका स्वस्त माल दुसरा नाही.

जाहिरातीही बहुतेक आपोआपच येतात. गुगलची ॲडसेन्स योजना 2003 पासून सुरू आहे. हिंदीला तिचा दरवाजा 2014 मध्ये उघडला, मराठीला 2018 मध्ये. त्यानंतर मराठी संकेतस्थळांचं पेव फुटलं त्यात नवल नाही. जाहिरातदाराचा पैसा गुगलकडे जातो, गुगल आपला वाटा कापून उरलेला संकेतस्थळाच्या मालकाला देतं. अनेक वर्षं मालकाच्या हाती शंभरातले 68 पडायचे. हिशेबाची पद्धत 2024 मध्ये बदलली, तरी सरासरीने तेवढेच मिळतील असं गुगलनेच सांगितलं. या सगळ्या साखळीत बातमी खरी की खोटी, हा प्रश्न कुठेच विचारला जात नाही. पान उघडलं गेलं, जाहिरात दिसली, मीटर पडलं. संतापाने उघडलेलं पान आणि माहितीसाठी उघडलेलं पान यांचा दर सारखाच. आणि संतापाने पानं जास्त उघडली जातात, हे सांगायला कुठल्या अभ्यासाची गरज नाही.

पण सिंडिकेशन ही चीज मुळात वाईट नाही, हेही लगेच सांगायला हवं. उलट ती गरिबाच्या सोयीची होती. न्यूयॉर्कच्या काही वर्तमानपत्रांनी 1846 मध्ये युद्धाच्या बातम्या आणण्याचा खर्च वाटून घेतला, त्यातून असोसिएटेड प्रेस उभी राहिली. आपल्याकडे पीटीआय 1949 मध्ये कामाला लागली, तीही वर्तमानपत्रांच्या मालकीची, नफा वाटून न घेणारी संस्था म्हणून. यूएनआयने 1992 मध्ये उर्दू सेवा सुरू केली. छोट्या शहरातल्या उर्दू अखबाराला दिल्लीत माणूस ठेवणं कधीच परवडणारं नव्हतं, आता दिल्लीची खबर त्याच्या टेबलावर त्याच्याच लिपीत येऊ लागली. हे मोठं काम होतं. आणि ज्यांच्याकडे एजन्सी नव्हती त्यांची एक जुनी रीत होती. दुसऱ्याचा मजमून घेतला की खाली लिहायचं ‘बशुक्रिया’ आणि मूळ अखबाराचं नाव. मराठीत त्यालाच आपण ‘साभार’ म्हणतो. त्या एका शब्दात कबुली होती की हे आमचं नाही, आणि वाचकाला पत्ताही होता की शंका आली तर कुठे जाऊन विचारायचं.

वेबवर हा पत्ताच हरवला. एकाने एजन्सीकडून घेतलं, दुसऱ्याने त्याच्याकडून उचललं, तिसऱ्याने मथळा तिखट केला, चौथ्याने भाषांतर केलं. पाचव्याकडे पोहोचेपर्यंत बातमीला आई ना बाप. शाळेत पेपर तपासताना आम्हाला कॉपी पकडायची तर आम्ही बरोबर उत्तरं बघत नाही, चुका बघतो. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असू शकतं. पाच मुलांनी एकच विचित्र चूक केली असेल, तर ती कुठल्या बाकावरून निघाली ते शोधायला वेळ लागत नाही. बातम्यांचंही अगदी तसंच आहे.

2020 चा एप्रिल आठवा. निजामुद्दीन मरकजनंतर तबलिगी जमातीच्या नावावर रोज नवी खबर येत होती. 7 एप्रिलला एएनआयने नोएडातल्या विलगीकरणाची एक बातमी पोलीस उपायुक्तांच्या हवाल्याने दिली आणि त्यात जमातीच्या लोकांशी संपर्क आल्याचं म्हटलं. नोएडा पोलिसांनी स्वतःच जाहीर उत्तर दिलं की आम्ही जमातीचा उल्लेखच केला नव्हता, तुम्ही आमच्या तोंडी चुकीचं वाक्य घालता आहात. त्याच सुमारास सहारनपूरच्या पोलिसांनी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर फिरत असलेली एक बातमी खोटी असल्याचं सांगितलं. विलगीकरणातल्या जमातीच्या लोकांनी मांसाहारी जेवण मागितलं, ते मिळालं नाही म्हणून गोंधळ घातला, अशी ती बातमी होती. चौकशीत त्यातलं काहीच खरं निघालं नाही.

हे खुलासे किती जणांनी वाचले? मूळ बातमी जिथे जिथे गेली तिथे तिथे खुलासा गेला का? जाणं शक्यही नव्हतं, कारण खुलाशाला ग्राहक नाही. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात परदेशी जमातींवर दाखल झालेले गुन्हे रद्द केले. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा प्रचार केला गेला, असं न्यायालयाने निकालात नोंदवलं. एप्रिल ते ऑगस्ट. मधल्या चार-साडेचार महिन्यांत भाजीवाल्यांना गल्लीत येऊ न देण्याचे प्रकार घडले, नाव विचारून माल घेतला गेला, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. त्या महिन्यांत पडलेलं जाहिरातीचं मीटर मात्र कुठल्याही न्यायालयासमोर आलं नाही. येणारही नव्हतं, तो खटल्याचा विषयच नव्हता.

कायद्यातही उसन्या बातमीला ढाल नाही. दुसऱ्याने लिहिलेला बदनामीकारक मजकूर पुन्हा छापणं म्हणजे नव्याने छापणंच असतं. भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ‘एजन्सीने दिली म्हणून आम्ही दिली’ हे वकिलाला सांगता येईल, पण त्याने माणूस आपोआप सुटत नाही. बारीक अक्षरातली ती तळाची ओळ लिहिली म्हणूनही नाही.

आता आपल्या घरात येऊ.

माझा एक जुना विद्यार्थी पोर्टल चालवतो. हुशार आहे, मेहनती आहे, रात्री दोन वाजेपर्यंत जागतो. दिवसाला वीस बातम्या लावतो, त्यातल्या अठरा उचललेल्या. मी विचारलं, बेटा, परवानगी? तो म्हणाला, “मिस, खबर तो सबकी है ना?”

प्रश्न भोळा नाही. निम्मा बरोबरही आहे. घटना कुणाच्या मालकीची नसते. पूल कोसळला, निकाल लागला, मंत्र्याने राजीनामा दिला, हे कोणीही सांगू शकतो. मालकी असते ती लिहिलेल्या मजकुरावर, फोटोवर, व्हिडिओवर. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या 52 व्या कलमात चालू घडामोडी कळवण्यासाठी वाजवी वापराची मुभा आहे. आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक चालू विषयावरचा लेख नियतकालिकात पुन्हा छापण्याचीही मुभा आहे, मात्र लेखकाने हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसेल तरच. आणि कुठलंही संकेतस्थळ उघडा, तळाला लिहिलेलं असतंच: सर्व हक्क राखीव. मुभा तिथेच संपली.

जाहिरातीने इथे फार मोठा फरक पडतो, आणि तो आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. त्याच कायद्याच्या 63 व्या कलमात जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा भंग धंद्यात कमाईसाठी केलेला नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावलेलं कात्रण आणि जाहिराती लावलेल्या पानावरचं तेच कात्रण, कायद्याच्या नजरेत एकसारखं नाही. ज्या दिवशी पहिली जाहिरात लागली त्या दिवशी ‘साभार’ या शब्दाची ताकद निम्मी झाली.

2025 च्या मे महिन्यात हा प्रश्न यूट्यूबवर पेटला. एएनआयच्या काही सेकंदांच्या क्लिप वापरल्याबद्दल अनेक यूट्यूबर्सच्या चॅनलवर कॉपीराइट स्ट्राइक आले. यूट्यूबचा नियम असा की 90 दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं. मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीर आरोप केला की स्ट्राइक काढण्यासाठी आणि परवान्यासाठी आपल्याकडे 45 ते 50 लाखांच्या घरात रक्कम मागितली गेली. एएनआयचं म्हणणं, आम्ही आमच्या मालकीचं रक्षण करतो, आणि त्यांनी मंगल यांच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. हीच एएनआय 2024 पासून चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयविरुद्धही तिथेच लढते आहे, आमचा मजकूर न विचारता वापरला म्हणून. वाद कुठेही जावो. लाखो प्रेक्षक असलेल्या माणसाला वकील मिळतो. आपल्या पोर्टलवाल्याला नोटीस आली तर तो कुणाकडे जाणार?

आणि एवढी जोखीम घेऊन मिळतं काय? हिशेब करू या, आकडे मी समजुतीसाठी धरते आहे. समजा हजार पानं उघडली की 30 रुपये मिळतात. वीस बातम्या, प्रत्येकी दोनशे वाचक, म्हणजे दिवसाला चार हजार पानं आणि 120 रुपये. महिन्याला 3,600. ॲडसेन्सचा पैसा 100 डॉलर साठल्याशिवाय खात्यावर येत नाही, म्हणजे साडेआठ-नऊ हजार रुपये. अडीच महिन्यांनी एकदा पैसे. त्यातून सर्व्हरचं भाडं, मोबाइलचा डेटा, दोन वाजेपर्यंतची जागरणं वजा करा. मजुरीला गेला असता तर जास्त कमावलं असतं, हे मी त्याला म्हटलं नाही. त्याला ते माहीत आहे.

तेही गुगलने चालू दिलं तर. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा लावून त्यात स्वतःची काही भर न घालणाऱ्या पानांवर आमच्या जाहिराती नकोत, असा त्यांचा नियमच आहे. मार्च 2024 मध्ये ढिगाने तयार केलेल्या मजकुराविरुद्ध शोध-निकालांचे नियमही कडक झाले. मोठ्या संकेतस्थळावर आणि आपल्या पोर्टलवर एकच एजन्सीची बातमी असेल तर शोधात वर कोण दिसणार, हे सांगायला नको. दुसरी वाट डेलीहंटसारख्या ॲपची. ते स्थानिक भाषांतला मजकूर घेतात, जाहिरातीचा वाटा देतात. पण वाचक त्यांच्या ॲपचा राहतो. उद्या करार मोडला तर वाचक तिथेच आणि आपण रस्त्यावर.

मोठ्यांची लढाई वेगळी चालू आहे. गुगल जाहिरातीच्या पैशात आम्हाला रास्त वाटा देत नाही, अशी तक्रार भारतातल्या मोठ्या डिजिटल वृत्तसमूहांच्या संघटनेने केली आणि स्पर्धा आयोगाने जानेवारी 2022 मध्ये चौकशीचा आदेश दिला. अमेरिकेत एप्रिल 2025 मध्ये एका संघीय न्यायालयाने गुगलने जाहिरात-तंत्राच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी केल्याचं ठरवलं. कॅनडाने 2023 मध्ये बातम्यांसाठी पैसे मोजायचा कायदा केला, तर फेसबुकच्या कंपनीने तिथे बातम्या दाखवणंच बंद केलं. यातून काही निघालं तरी ते आधी मोठ्या घरांत जाईल. आपल्या गल्लीपर्यंत पाट यायला वेळ आहे.

उसन्या बातमीशेजारी लागणाऱ्या जाहिरातींबद्दलही बोलायला हवं, कारण घरोघरी मोबाइल मुलांच्या हातात असतो. रमजानच्या वेळापत्रकाच्या पानावर सट्ट्याच्या ॲपची जाहिरात मी स्वतः पाहिली आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर 2025 च्या कायद्याने बंदी घातली, तरी झटपट कर्ज, रातोरात श्रीमंती, वशीकरणवाले बाबा हे उरतातच. मालक म्हणतो, जाहिरात गुगल लावतं, मी नाही. हे अर्धसत्य आहे. ॲडसेन्सच्या खात्यात असे अनेक प्रवर्ग बंद करण्याची सोय आहे. डेटिंग, कर्ज, ज्योतिष-जादूटोणा, झटपट पैसा, एकेक बटण. कमाई थोडी घटते म्हणून ते दाबलं जात नाही, इतकंच.

मग पोर्टल बंद करायची का? अजिबात नाही. आपल्या वस्तीची खबर आपण नाही लिहिली तर दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलीच तर गुन्ह्याच्या पानावर लिहील. फुकट आणि कायदेशीर मजकूरही पुष्कळ आहे. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाची निवेदनं मराठीतही येतात आणि उर्दूतही, राज्याच्या महासंवादवर शासनाच्या बातम्या मिळतात. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’वर गावांकडचे उत्तम लेख दोन्ही भाषांत वाचायला मिळतात, हवे असतील तर त्यांना लिहून विचारता येतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिसला तर तो शेवटपर्यंत वाचायचा, काहींत व्यावसायिक वापर नको अशी अट असते आणि जाहिरातीचं पान व्यावसायिक धरलं जाऊ शकतं.

पण यावर पोर्टल जगत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वीस बातम्यांत ज्या दोन त्याच्या स्वतःच्या असतात, त्यांनाच खरे वाचक असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाला कुठला दाखला अडतो, नगरपालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या, आरटीईच्या यादीत नाव आलं तरी शाळा मुलाला का परत पाठवते, हजच्या पैशाचा पुढचा हप्ता कधी. ही खबर कुठल्याही फीडमधून येत नाही. तिच्यासाठी बाकड्यावर बसावं लागतं, कारकुनाला तीनदा विचारावं लागतं, कागद बघावा लागतो. सूरह हुजुरातमध्ये खबरीची तस्दीक करायला सांगितलं आहे, ते काम फीड करत नाही, माणूसच करतो. आणि अशा बातमीशेजारी गल्लीतला बेकरीवाला, क्लासवाला, गाद्या शिवणारा महिन्याला पाचशे रुपये देऊन जाहिरात लावायला तयार होतो, कारण वाचक त्याचं गिऱ्हाईक आहे. असे दहा जण मिळाले तर पाच हजार. ॲडसेन्सच्या 3,600 पेक्षा जास्त, तेही दर महिन्याला, 100 डॉलर साठायची वाट न बघता.

गेल्या महिन्यात त्याने असे चार जण मिळवले. एकाने पैशांऐवजी दोन किलो नानखटाई दिली. पाचवा अजून विचार करतो आहे.